तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझ्या मुलीच्या नावापुढे दोनचा आकडा होता.

वर्गाच्या भिंतीवरच्या पडद्यावर बावीस नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. पीहू पाटील, नऊ. अद्वय, सात. इनाया, सहा. अशी यादी उतरत उतरत अगदी तळाला आली, तिथे मैथिली. दोन. वर मथळा होता, ‘छोटी सतार : महिन्याची सरासरी ओढ’.

“काहीतरी चूक असेल,” मी म्हणाले.

“मुलांच्या मनगटातलं कडं सहसा चुकत नाही हो, ऋजुताताई,” नसीमाताई म्हणाल्या. त्या मैथिलीच्या वर्गाच्या बाई. वीस वर्षं सहा वर्षांच्या मुलांमध्ये काढल्यामुळे त्यांचा आवाज कधीच चढत नाही. “आणि वाईट काय त्यात? समंजस पोर आहे तुमची. मागत नाही, भांडत नाही, हातातलंसुद्धा देऊन टाकते.”

समंजस. लहानपणी हा शब्द मला इतक्या वेळा चिकटवला गेलाय, की अजूनही तो ऐकला की हात आपोआप मागे जातात.

मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनतात. इथल्या एका कारागिरांनी, दस्तगीरचाचांनी, एका लहानशा भोपळ्याची मुलांच्या मापाची सतार बनवली आणि शाळेला दिली. अट एवढीच, की वर्षभर ती एकाच मुलाकडे राहील आणि त्या मुलानं दर शनिवारी सकाळी चाचांच्या कारखान्यात येऊन शिकायचं. ज्याची ओढ जास्त त्याला सतार, असं शाळेनं ठरवलं होतं. निकाल पुढच्या शुक्रवारी होता.

आणि माझ्या घरी काय चाललं होतं? माझा कॉलेजातला स्टीलचा डबा मैथिलीनं माळ्यावरून शोधून काढला होता. झाकण काढून त्यावर तिनं पाच रबरं ताणून बसवली होती आणि ती उचलून धरायला खाली आगकाडीची घोडी सारली होती. रोज शाळेतून आली की बाल्कनीत बसून ती डब्याला कान लावायची. “आई, ही खालची तार रडते. आणि ही नुसतीच जांभई देते.” हे जिथे चाललं होतं, तिथे ओढ दोन?

*

कड्याचं शास्त्र अवघड नाही. एखादी वस्तू आपल्याला हवी आहे, हे आपल्याला कळायच्या आधी शरीराला कळलेलं असतं. मनगटाला डोळ्यांना न दिसणारा घाम सुटतो आणि कातडीतून वीज किंचित सोपी वाहू लागते. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. हात पुढे जायच्या आधीच मनगटाचे स्नायू, बाहेरून कळणारही नाही इतके, ताणले जातात. कडं या तिन्ही खुणा टिपतं, त्याच मुलाच्या आधीच्या शेकडो नोंदींशी ताडून पाहतं आणि एक ते नऊमधला आकडा दाखवतं. वस्तू समोर आल्यावरचे पहिले दोन सेकंद तेवढे ते मोजतं. पुढे विचार सुरू होतो, आणि विचार आला की भेसळ आली, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं.

सहा वर्षांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवायचं ठरलं तेव्हा बरेच लोक हसले होते. मी हसले नव्हते. माझी पदवी अर्थशास्त्राची. मागणी-पुरवठ्याच्या रेषा तीन वर्षं वहीत गिरवल्या, तेव्हा त्या रेषांमध्ये माणसं असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे ते पहिल्याच आठवड्यात मुलांना कळत होतं.

पालकांनी आळीपाळीनं वर्गात बसायची पद्धत आहे, त्यामुळे मी डोळ्यांनी पाहिलंय. नसीमाताईंनी प्रत्येकाला दहा चिंचोके दिले होते. गोष्ट ऐकायची तर तीन चिंचोके, चिकणमाती हवी तर चार, झोका पाच. दहात सगळं बसत नाही हे पोरांना पाच मिनिटांत उमगलं. अद्वय झोक्यावर बसून रडायला लागला.

“काय झालं रे?” नसीमाताईंनी विचारलं.

“तिकडे गोष्ट चाललीय!”

“मग झोका कितीला पडला तुला?”

“पाचला.” थोडं थांबून म्हणाला, “आणि एका गोष्टीला.”

मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात टाळी वाजवली. एक घेतलं की दुसरं सुटतं, आणि सुटलेलं हीच घेतलेल्याची खरी किंमत. हे मला एकोणिसाव्या वर्षी परीक्षेपुरतं कळलं होतं.

मग कडी आली, आणि वर्गातली भांडणं जवळजवळ थांबलीच. निळा खडू कुणाला द्यायचा? तुझी ओढ आठ, माझी तीन, घे तू. त्याबदल्यात तुझी चिक्की दे, तिची ओढ तुला दोनच आहे. दोघं खूश. अदलाबदलीत कुणाचा तोटा न होता दोघांचा फायदा होतो, हे पोरं मनगटाला मनगट लावून शिकत होती. संमतीपत्रावर सगळ्यांत आधी सही केली ती मी.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती, आणि आली नाही. एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीशेजारी ठेवून मोजता येत नाही. पीहूचं नऊ आणि इनायाचं सहा या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. पुस्तकात हे होतं. मी अधोरेखितही केलं होतं.

*

“मैथू, शाळेतली ती छोटी सतार तुला हवीय?”

“नको.” ती रबर सारखं करत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

“खरंच नको?”

“पीहूला हवीय. तिची नऊ आहे.”

“आणि तुझी?”

“माझी दोन.” बुटाचा नंबर सांगावा तशी म्हणाली. “मला नसेलच हवी. कड्यात दिसतं ना, आई.”

मी पोळ्या टाकायला उठले, कारण तिच्यासमोर चेहरा सांभाळणं अवघड झालं. मुलीला काही मिळालं नाही याचं दुःख मी पचवलं असतं. पण आपल्याला काय हवं ते आकड्यात बघून ठरवायचं? आज सतार आहे. उद्या विषय असेल, मग नोकरी, मग माणूस.

हर्षद, माझा नवरा, बरणीतून लोणचं काढत म्हणाला, “अगं, नको म्हणतेय तर नको. तू अर्थशास्त्रवाली ना? गिऱ्हाईक राजा असतो.”

“ती सहा वर्षांची आहे.”

“मग सहा वर्षांची राणी.”

“हर्षद, ती दिवसभर त्या डब्याला कान लावून बसते!”

“आणि मी तुला लग्नाचं विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस? ‘बघू.’ दोन महिने बघत होतीस. तुमच्या घराण्यात हो म्हणायलाच मुहूर्त लागतो.”

तो हसला. मीही हसले. पण ते वाक्य डोक्यात कुठेतरी अडकून राहिलं.

*

सोमवारी पालकांचा तास होता. उन्हामुळे आता शाळा साडेसहाला भरते आणि दहाला सुटते, म्हणून आम्ही सगळे सकाळी सातलाच मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. मुलं काय अनुभवतात ते आम्हाला कळावं म्हणून आमच्याही मनगटांत कडी घातली होती. आधी अर्धा तास चित्रं, वास, आवाज दाखवून, ऐकवून कड्यानं प्रत्येकाच्या नाडीशी ओळख करून घेतली.

मग नसीमाताईंनी जवळच्या वाडीची प्रसिद्ध बासुंदी आणली. गार, घट्ट, वर चारोळ्या. एकच वाटी. ती घेऊन त्या एकेकासमोर जायच्या आणि म्हणायच्या, “घ्या.” वाटी दिसली की कड्यावर आकडा उमटायचा.

बाबा लोकांची रांग आधी झाली. सात. आठ. सहा. हर्षदचा नऊ आला आणि सगळा वर्ग हसला. “अहो, घरी जेवायला मिळत नाही का?” कुणीतरी म्हणालं. “मिळतं, पण चारोळ्या मोजून मिळतात,” हर्षद म्हणाला.

मग आम्ही. पहिली आई, दोन. दुसरी, एक. तिसरी, दोन. चौथी, दोन. हसणं हळूहळू थांबलं. पीहूची आई स्वप्नाली तेवढी आठवर गेली. तिनं बिनदिक्कत सांगितलं, “मला आवडते बासुंदी. लाजायचं काय त्यात?” आमच्यातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या नजरेची मला आता लाज वाटते.

वाटी माझ्यासमोर आली. मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, आणि बासुंदीसाठी मी लहानपणी पातेलं खरवडलेलं आहे.

“नको, नको. तुम्ही घ्या ना.”

दोन.

आता इथे खेळ संपायचा होता. पण नसीमाताई शिक्षिका असल्या तरी आधी मिरजेच्या आहेत. पाहुणीनं नको म्हटल्यावर वाटी मागे नेणं त्यांच्या हाताला माहीतच नाही. सवयीनंच त्या म्हणाल्या, “घ्या हो, एवढीशी तर आहे.”

“नको हो, खरंच.”

माझ्या मनगटावर चार उमटलं.

“सकाळच्या उपाशी आला असाल. माझ्या हातची नाही, म्हणून नको का? घ्या बघू.”

सात.

आणि मी वाटी घेतली. चमचा तोंडात जायच्या आत आम्ही दोघींनी एकदमच कड्याकडे पाहिलं. वाटी पुढे आली की दर वेळी कडं नव्यानं मोजत होतं. नोंदीत मात्र पहिलाच आकडा जात होता.

मी चमचा वाटीत परत ठेवला. मला शेजारच्या काकूंची चकली आठवली.

मैथिली तेव्हा तीन वर्षांची होती. काकूंनी ताटली पुढे केली आणि हिनं दोन्ही हातांनी दोन चकल्या उचलल्या. घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं होतं. रागावले नव्हते, मी रागावत नाही. शिकवलं होतं. कुणी काही दिलं की आधी नको म्हणायचं. पुन्हा म्हणाले तरी नको. तिसऱ्यांदा म्हणाले की एक घ्यायचं, मोठं नाही. फार हवंसं वाटलं तर डोळे दुसरीकडे करायचे आणि पोटात आकडे मोजायचे. एक, दोन, तीन. माझ्या आईनं मला शिकवलं होतं तसंच. मैथिली हुशार. महिन्याभरात इतकं छान जमलं तिला, की काकू म्हणाल्या, “काय वळण आहे हो पोरीला!” त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

म्हणजे पोर तीन वर्षं पोटात आकडे मोजत होती. वस्तू दिसली रे दिसली की श्वास खाली, नाडी खाली, मनगट सैल. तेही पहिल्या दोन सेकंदांत. आणि कडं नेमकं तेवढंच पाहत होतं.

*

“आमच्या अम्मीनंही हेच शिकवलंय,” सगळे गेल्यावर नसीमाताई म्हणाल्या. “ईदला दुसऱ्याच्या घरी शीरखुर्म्याची वाटी आली की पहिल्यांदा मान हलवायची. आडवी.”

“मग यंत्राला हे कळवायला हवं.”

त्यांनी कड्याची मदतवाणी लावली. पलीकडून एक गोड, शुद्ध, कुठल्याही गावचा नसलेला आवाज आला. “प्रथम प्रतिसाद हाच निर्भेळ प्रतिसाद होय. वारंवार विचारल्यास बालकावर दडपण येते. आपली शंका नोंदवली आहे.”

“अहो, इथे वारंवार विचारतातच,” नसीमाताई म्हणाल्या. “त्याला आग्रह म्हणतात.”

“आग्रह हा शब्द दडपण या वर्गात नोंदवला आहे. धन्यवाद.”

नसीमाताईंनी यंत्र बंद केलं आणि पदराला हात पुसले, जणू काही चिकट लागलं होतं.

“चूक यंत्राची एकट्याची नाही,” त्या म्हणाल्या. “मीच आकडा बघून पोराकडे बघायचं सोडलं. सोपं झालं होतं ना. बरं, आता ऐका. सतार कुणाला द्यायची ते शेवटी वर्गाची बाई ठरवते, तसं लेखी आहे. मी पोरांना तीनदा विचारणार. तीन दिवस. सगळ्या बावीस जणांना, फक्त तुमच्या लेकीला नाही.”

“थँक्यू, ताई.”

“थांबा. तुम्ही घरी शिकवून पाठवायचं नाही. ‘हो म्हण’ असं एकदाही नाही. तुम्ही सांगितलं आणि ती हो म्हणाली, तर ती ओढ तुमची. मला कळेल, आणि तुम्हालाही कळेल.”

मी मान हलवली. उभी.

*

बुधवारी नसीमाताईंनी सतार वर्गात मधोमध ठेवली आणि विचारलं. सतरा हात वर गेले. मैथिलीचा नव्हता. हे मला इनायाच्या आईकडून कळलं, कारण माझी पाळी शुक्रवारी होती.

त्या दुपारी मैथिली डबा घेऊन बसली आणि मी शेजारी मेथी निवडत बसले. माझ्या जिभेवर शब्द तयार होते. मैथू, उद्या हात वर कर. इतकंच. चार शब्द. सगळी मेथी निवडून झाली, मग मी कोथिंबीर घेतली, मग उगाचच गवार.

“आई, तुला बरं नाहीये का?” मैथिलीनं विचारलं.

“का गं?”

“तू गवारीच्या शेंगा मोजतेयस.”

गुरुवारी नसीमाताईंनी किंमत सांगितली. ज्याच्याकडे सतार, त्याचा शनिवार चाचांकडे. आणि शनिवारी अभ्यासाला सुट्टी, तो आमच्या शाळेचा पाण्याचा दिवस. मैदानावर फवारे लावतात, पोरं तासभर चिखलात लोळतात. आठवडाभराच्या उन्हाची भरपाई असते ती. सतार हवी तर वर्षभर ते नाही. सतरा हातांचे चार झाले. मैथिलीचा त्यांतही नव्हता.

“तिला नकोच असेल तर?” मी हर्षदला विचारलं.

यावेळी तो हसला नाही. मैथिलीच्या डब्याकडे बघत म्हणाला, “दोनदा विचारून झालंय ना? मग अजून काहीच झालेलं नाही.” मग थोडा थांबून, “तू पण मला तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणालीस. मी मोजलं होतं.”

शुक्रवारी सकाळी शाळेची गाडी दारात आली. चालक नसलेल्या त्या गाडीनं रोजच्यासारखं “पट्टा लावा” म्हटलं, आणि मैथिली खाली उतरून परत जिना चढून घरात पळाली. आली तेव्हा तिचं दप्तर फुगलेलं होतं. मी काही विचारलं नाही. आठवड्यातलं ते माझं सगळ्यांत अवघड काम.

वर्गात मी मागच्या बाकावर बसले आणि हात मांड्यांखाली घेतले.

नसीमाताईंनी आज हात वर करायला लावले नाहीत. त्या प्रत्येकासमोर बसल्या, डोळ्याला डोळा आणून. “तिसऱ्यांदा विचारते हं. शनिवारचं पाणी सोडून सतार हवी?” अद्वय म्हणाला, “नको, पाणी.” इनाया बराच वेळ विचार करून नको म्हणाली. पीहू म्हणाली, “हवीच!” तिचं कडं नऊ.

बाकीच्यांनीही पाणीच घेतलं. शेवटी मैथिली. सतार समोर आली तसे तिचे डोळे खिडकीकडे गेले. तिचे ओठ मला दिसत होते. एक, दोन, तीन. कड्यावर आकडा आला. दोन.

नसीमाताई कड्याकडे बघतच नव्हत्या. त्या नुसत्या बसून राहिल्या. पाच सेकंद गेले असतील, दहाही असतील.

“पाहिजे,” मैथिली म्हणाली.

“तुझं तर दोन आहे!” पीहू ओरडली.

“हो,” मैथिली म्हणाली. “तरी पाहिजे.”

मी मांड्यांखालचे हात आणखी दाबले.

“सतार एक, आणि तुम्ही दोघी,” नसीमाताई म्हणाल्या. “मी काही ठरवणार नाही. आपण वर्षभर काय शिकलो? बोला एकमेकींशी.”

मैथिलीनं दप्तर उघडलं आणि डबा काढला. माझा डबा. त्याच्या बुडाशी कॉलेजात असताना कर्कटकानं कोरलेलं माझं नाव आहे. पाच रबरं, आगकाडीची घोडी, आणि एका रबराला तिनं निळी लोकर बांधलेली, कारण ते रडणारं.

“हे वाजतं?” पीहूनं विचारलं.

“लगेच वाजतं. सतार लगेच नाही वाजत. आधी बोटं दुखतात. चाचा आले होते तेव्हा म्हणाले.”

“रक्त येतं?”

“थोडं येतं बहुतेक.”

स्वतःच्या वस्तूची बढाई नाही, दुसऱ्या वस्तूची खोटी निंदा नाही. असा व्यापारी मी बाजारात पाहिलेला नाही. पीहूनं रबर छेडलं, मग सगळी एकदम छेडली, मग डबा उलटा करून त्यावर थाप मारली. तिला तो आवाज सगळ्यांत आवडला.

“आणि मला शनिवारी पाण्यात जाता येईल?”

“हो.”

“डबा कायमचा?”

मैथिलीनं निळी लोकर एकदा चाचपली. “कायमचा. पण ती निळी तार सोडू नकोस, ती तुटेल.”

“बरं,” पीहू म्हणाली. सतारीकडे एकदा बघितलं, डब्याकडे एकदा, आणि डबा छातीशी धरून उठली. “चालेल मला.”

तिनं डबा उचलला त्या क्षणी मैथिलीच्या मनगटावरचा आकडा हलला. मी जागची उठून उभी राहिले. आठ.

वर्षभरात पहिल्यांदा. इतकं जिवाचं देताना कसं आवरायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मी फक्त घेताना आवरायला शिकवलं होतं. म्हणून कड्याला या वेळी खरं दिसलं.

नसीमाताईंनीही पाहिलं. त्या मुलांकडे वळल्या. “बघितलं? मैथिलीला डबा किती हवा होता?”

“आठ!” पोरं म्हणाली.

“आणि तो तिनं सोडला. शनिवारचं पाणीही सोडलं. कशासाठी?”

“सतारीसाठी.”

“मग सतारीची ओढ किती?”

कुणी दोन म्हणालं नाही. पोरं बोटांवर काहीतरी करत राहिली. शेवटी अद्वय, झोक्यावर बसून रडणारा तोच, म्हणाला, “आठ आणि पाणी. म्हणजे नऊच्या वर. कड्यात तेवढं मावत नाही, बाई.”

पीहू बाकावर बसून डबा बडवत होती, आणि त्या सौद्यात मला शोधूनही खोट सापडत नव्हती. स्वप्नालीला मी संध्याकाळी स्वतःहून फोन केला आणि म्हणाले, एकदा बासुंदी करते, या.

*

शनिवारी मी मैथिलीला घेऊन चाचांच्या कारखान्यात गेले. छताला वाळलेले भोपळे उलटे टांगलेले होते, जमिनीवर लाकडाचा भुसा होता. तिच्या मनगटात कडं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते घालायचं नाही, असं आता आमच्या वर्गानं ठरवलंय. नसीमाताईंनी आणखी एक ठरवलंय. आकडा यापुढे तीनदा घेणार, आणि शेवटी मूल काय म्हणालं ते हातानं लिहिणार.

चाचांनी तिच्या बोटात अंगठीसारखी तारेची नखी घातली आणि पहिली तार छेडून दाखवली. मग तिनं छेडली. आवाज खरखरीत आला, माशी काचेवर आपटावी तसा. तिनं पुन्हा छेडली. पुन्हा तसाच. शाळेच्या मैदानावर या वेळी फवारे सुरू झाले असतील, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिनं बोट चोखलं, चड्डीला पुसलं आणि पुन्हा तारेवर ठेवलं.

“हिला वेळ लागेल,” चाचा म्हणाले. “बसा तुम्ही. चहा ठेवू का?”

माझी मान आडवी हलायला निघाली होती, आणि ‘नको’चा ‘न’ जिभेवर आलाही होता. मैथिलीनं सतारीवरून डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं.

“ठेवा, चाचा,” मी म्हणाले. “आलं घालून.”